न घेतलेलं नाव

रत्नागिरीत सरळ बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे दोनच अंदाज असतात. एक तर तो घाटावरचा असावा, नाहीतर त्याला ताप चढला असावा. इथे जावयाला आमटी खारट लागली, तर तो विहिरीच्या पाण्याची चौकशी करतो, आणि सासूला बरोबर कळतं. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण बाकीचा महाराष्ट्र शाळेत पाठ करतो. इथली पोरं ती शाळेत जायच्या आधी, ओटीवर बसून मोठ्यांच्या गप्पा ऐकताना शिकतात. हर्षद पावसकर अशाच ओटीवर वाढला होता, पण धंदा त्याने असा निवडला की ज्यात सरळ लिहावं लागतं. तिथेच घात झाला.

हर्षद आयटी कन्सल्टंट होता. मारुती मंदिराजवळ, चष्म्याच्या दुकानावर त्याचं ऑफिस. बर्फाचे कारखानदार, बोटमालक, आंब्याचे व्यापारी, कॅनिंगवाले, हॉटेलवाले असे त्याचे क्लायंट. कुठला कॉम्प्युटर घ्यावा, कुठला सॉफ्टवेअरवाला आपल्याला टोपी घालतोय, हे तो त्यांना सांगायचा. पण त्याचं नाव झालं ते ‘सोमवारचं वारं’मुळे. दर सोमवारी सकाळी तो टेक्नॉलॉजीच्या जगातल्या बातम्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर क्लायंटना पाठवायचा, आणि प्रत्येक बातमीखाली आपलं मत. अमेरिकेतल्या एखाद्या बड्या कंपनीने हजारो माणसं काढली की बाकीचे हळहळत. हर्षद लिही, ‘यांची ईमेल तुम्ही वापरता. अडलं तर आता फोन उचलायला कोणी नाही. तेव्हा पासवर्ड धाकट्या मुलाच्या आठवणीवर सोडू नका.’ चिपा महागणार असं कळलं की तो लिही, ‘नवा कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर गणपतीच्या आत घ्या.’ आणि लोक खरोखर घेत. त्याचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, हेही खरं.

या सगळ्यात एक नाव वरचेवर यायचं. कातळ सिस्टिम्स. ही कंपनी स्वरूप शिवलकरची. स्वरूप हर्षदच्या वर्गातला. बरीच वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलेला. हर्षदची धाकटी बहीण नम्रता त्याला दिली होती, म्हणजे त्या दोघांनी परस्पर ठरवलं होतं आणि घरच्यांनी दिल्यासारखं केलं होतं. कातळावर काही उगवत नाही म्हणणाऱ्यांना श्रावणात फुलांनी भरलेल्या सड्यावर नेऊन उभं करावं, असं स्वरूप म्हणायचा. कुवारबावला भाड्याच्या मजल्यावर त्याने आपल्यासारखीच परत आलेली पोरंपोरी गोळा केली, आणि एक प्रोग्रॅम बनवला. बोट बंदराला लागता लागता तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, फोनमध्ये नुसतं बोलायचं, सुरमई किती, बांगडा किती, बर्फ किती उरलाय, की इकडे मालकाच्या ऑफिसात सगळी नोंद तयार. आंब्याच्या पेट्यांचंही तसंच. मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅमना पुण्याची मराठी कशीबशी कळते. कातळच्या प्रोग्रॅमला इंजिनाच्या धडधडीत, तोंडात तंबाखू धरून बोलणाऱ्या तांडेलाची बोली कळायची. आणि नाहीच कळली तर फोनवर नम्रता होती. “लाल चौकोन दिसतोय ना काका? मग त्याला हात लावू नका. चहा घ्या, तोवर मी बघते,” असं ती म्हणे, आणि चहा संपेपर्यंत खरंच सगळं सुरळीत झालेलं असे.

हर्षदला या कंपनीचा अभिमान होता. आपल्या गावात असं काही होऊ शकतं याचा त्याला आनंद होता, आणि तो आनंद तो सोमवारच्या वाऱ्यात लपवत नसे. कुठलाही मुद्दा समजावायचा झाला की ‘उदाहरणार्थ आपली कातळ’ हे ठरलेलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी स्वरूप आणि नम्रता हर्षदकडे जेवायला आले होते. हात धुताना स्वरूप म्हणाला, “एक सांगू? आमचं नाव जरा कमी घेत जा. परवा बंदरावर कोणीतरी म्हणालंन्, मेव्हणा मेव्हण्याची टिमकी वाजवतो.”

“म्हणेनात का,” हर्षद म्हणाला.

“तुझ्या शब्दाची किंमत जाते रे. नको.”

बोलणं मुद्द्याचं होतं. हर्षदला पटलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ते अमलात आणलं. माणसाने इतकं तत्पर असू नये.

त्या सोमवारची बातमी मोठी होती. परदेशातल्या बड्या कंपन्या आपल्या एआयबरोबर धंद्याची बरीचशी कामं फुकटात करून द्यायला लागल्या होत्या, आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या एक तर विकल्या जात होत्या नाहीतर बंद पडत होत्या. हर्षदने अमेरिकेतली एक सांगितली, बंगळुरूमधली सांगितली, पुण्यातली सांगितली. खाली मत दिलं, ‘ज्यांच्या सॉफ्टवेअरवर तुमचा धंदा उभा आहे ते उद्या असतील का, हे आजच विचारून ठेवा. आपला डेटा आपल्या हातात असू द्या.’ जगातला कुठलाही कन्सल्टंट हे सांगतो. हर्षदने स्वतः हे आधी सांगितलं होतं, आणि तेव्हा पुढे लिहिलं होतं, ‘उदाहरणार्थ आपली कातळ, मागाल तेव्हा डेटा देते.’ या खेपेला ते वाक्य त्याने खोडलं. स्वरूपचा शब्द पाळला.

दुपारी आत्मारामशेठ सुर्व्यांचा फोन आला. शेठ म्हणजे आंब्याच्या बाजारातलं जुनं खोड. कॅनिंगचा कारखाना, पॅकहाऊस, आणि ज्याच्या त्याच्या घरात काय शिजतंय याची माहिती.

“वाचलं रे तुझं,” शेठ म्हणाले.

“बरं वाटलं का?”

“समजलं,” असं म्हणून शेठनी फोन ठेवला. हर्षदला वाटलं, म्हाताऱ्याला एआय समजलं. त्याला जरा समाधानसुद्धा वाटलं.

पंधरवड्यातच स्वरूपला कळेना की काय चाललंय. एकेक गिऱ्हाईक येऊन गोड बोलत होतं. चहा पीत होतं, पोरांची चौकशी करत होतं, आणि निघताना चपला घालता घालता म्हणत होतं, “आमचा डेटा तेवढा काढून द्या हो. काही नाही, घरी असावा आपला.” आणि मग पुढच्या वर्षाचा करार काही केल्या सही होत नव्हता. कोणी म्हणे मुलगा आखातातून आला की बघू, कोणी म्हणे देवाला कौल लावायचाय. कोणीच ‘नाही’ म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर स्वरूपला काही करता तरी आलं असतं.

हर्षदला हे कळलं ते मिरकरवाड्याच्या बंदरावर, मजीदभाई होडेकरांच्या बर्फाच्या कारखान्यात. मजीदभाईंच्या स्वतःच्या बोटी होत्या, आणि कातळचं पहिलं गिऱ्हाईक तेच. कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं म्हणून त्यांनी हर्षदला बोलावलं होतं. काम झाल्यावर त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि दार लोटून घेतलं.

“तुजी अडचण मना समजते,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “भैन दिलेली. माणूस तोंडानं कसा बोलंल? पन तू नमक हलाल हायस. आमाला वेळेत सांगितलास.”

“काय सांगितलं मी?”

मजीदभाई हसले. कौतुकाने हसले. “बराय. नाय सांगितलास. चाय पी.”

हर्षदला उलगडा व्हायला वेळ लागला. झाला तो असा. दोन वर्षं हा माणूस दर चार सोमवारी कातळचं नाव घेतो. आणि बुडणाऱ्या कंपन्यांची गोष्ट निघते त्याच दिवशी घेत नाही. का घेत नाही? मेव्हण्याची कंपनी, म्हणजे आतली खबर असणार. बहिणीचं घर, म्हणजे उघड बोलता येत नाही. पण आमच्या भाकरीला जागतो, म्हणून गप्प राहून सांगितलंन्. सगळ्या बंदराने आणि अर्ध्या बाजाराने हे इतकं सहज वाचलं होतं की त्याबद्दल एकमेकांशी बोलायचीही त्यांना गरज वाटली नव्हती.

“मजीदभाई, तसं काही नाही,” हर्षद म्हणाला. “कातळ एकदम ठीक चाललीय. स्वरूपच मला म्हणाला होता, माझं नाव घेऊ नको.”

मजीदभाईंचा कप ओठांपाशी थांबला. “तोच बोल्ला, नाव घेऊ नको?”

“होय. लोक टिमकी म्हणतात म्हणून.”

“तोच बोल्ला,” मजीदभाई स्वतःशीच पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी कप खाली ठेवला. “मग तर झालाच.”

हर्षदने कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. तो आणखी पाऊण तास बोलला. जितकं बोलला तितका मजीदभाईंचा चेहरा दुःखी होत गेला, आणि निघताना त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर थोपटतात तसं.

ऑफिसात येऊन त्याने सोमवारची वाट न पाहता लिहायला घेतलं. अगदी सरळ लिहिलं, घाटावरच्या माणसाने लिहावं तसं. ‘मागच्या बातमीचा कातळ सिस्टिम्सशी काहीही संबंध नाही. कातळ भक्कम आहे. त्यांची सेवा उत्तम आहे. मी स्वतः खात्री देतो.’ पाठवलं, आणि त्याला हलकं वाटलं. संध्याकाळपर्यंत गटावर कोणी काही बोललं नाही. नुसते जोडलेले हात आले, एकामागून एक.

दुसऱ्या दिवशी तो आत्मारामशेठकडे गेला. शेठ कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. हर्षदने उभ्याउभ्याच विचारलं, “कालचं वाचलंत?”

“वाचलं. नम्रता रडली असेल ना रे?”

“नम्रता कशाला रडेल?”

“मग तिनं सांगितल्याशिवाय तू असं लिहिलंस? बस. उन्हात उभा राहू नको.” शेठनी दुसरी खुर्ची पुढे सरकवली. “अरे, धाकटी बहीण दारात येऊन रडली तर मीसुद्धा लिहून दिलं असतं. आम्हाला काही राग नाही त्याचा.”

“शेठ, मी तुम्हाला सरळ सांगतोय. कंपनी बुडत नाहीय. मी आडून काही सुचवलं नव्हतं.”

“होय तर.”

“तुम्ही सगळे निघालात तर मात्र बुडेल.”

शेठनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या डोळ्यांत लबाडी नव्हती, तेच वाईट होतं. “हे बघ हर्षद. कंपनी चांगली असती तर चांगली आहे म्हणून तू खात्री कशाला दिली असतीस? आंबा गोड आहे असं मी कधी गिऱ्हाइकाला सांगितलंय? जो सांगतो त्याच्या पेटीला हात लावू नये.”

हर्षद त्या खुर्चीत बसला. एरवी, दुसऱ्या कोणाबद्दल, त्याने स्वतः असाच विचार केला असता. याच ओटीवरचा होता तो.

मग जे झालं ते उतारावरून गाडी सुटल्यासारखं. गिऱ्हाइकं कमी झाली. तांडेलांचा आवाज ओळखायला कातळ जी सेवा परदेशातल्या कंपनीकडून भाड्याने घेऊन इथली बोली शिकवत होती, तिचा दर थोड्या वापराला जास्त पडतो, तो परवडेना. म्हणून स्वरूपने स्वस्तातली सेवा घेतली, आणि प्रोग्रॅम चुकायला लागला. सुरमईच्या जागी भलतंच काही लिहिलं जायला लागलं. मग जे थांबले होते तेही म्हणाले, बघा, हर्षद म्हणत होता ते खोटं नव्हतं. आधी दोन पोरी पुण्याला परत गेल्या, मग एकदम पाच-सहा जण. सोमवारी लिहिलेलं अमेरिकेतलं आणि बंगळुरूमधलं सगळं आता कुवारबावलाही खरं झालं होतं. ते तसंही कधीतरी झालंच असतं का? हा प्रश्न हर्षदने स्वतःला पुष्कळदा विचारला. माहितगार म्हणून त्याचं उत्तर होतं की कदाचित झालं असतं, पण इतक्यात नाही. आणि चार-पाच वर्षं मिळाली असती तर स्वरूपने काहीतरी वाट काढली असती. तो काढणारा माणूस होता.

शेवटी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा एजंट आला आणि बाजारात फिरू लागला. गिऱ्हाइकं हर्षदकडे आली. आमचा सगळा माल नव्या प्रोग्रॅमवर तूच चढवून दे म्हणाली. हर्षद सगळ्यांना नाही म्हणाला. अगदी तोंडावर नाही म्हणाला. ते लोक समजूतदारपणे माना हलवून गेले.

त्या आठवड्यात स्वरूप स्वतः ऑफिसात आला. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. नम्रता इस्त्री चुकू द्यायची नाही.

“तू नाही म्हणालास म्हणे सगळ्यांना,” तो म्हणाला.

“मग काय करू?”

“कर. तूच कर.” स्वरूप खिडकीतून खाली रिक्षांकडे बघत बोलत होता. “तो एजंट करेल तर मोडतोड करेल. तांडेलांचे आवाज आहेत त्यात, पाच-सहा वर्षांचे. कोण कसा बोलतो ते सगळं आहे. त्यांच्या प्रोग्रॅमला त्याचा काही उपयोग नाही, फेकून देतील. तू निदान नीट काढून प्रत्येकाला त्याचं त्याचं देशील.”

“स्वरूप, मी ते मुद्दाम—”

“माहीत आहे रे मला,” स्वरूप म्हणाला. तो हे फारच पटकन म्हणाला. ‘माहीत आहे’ म्हणजे काय माहीत आहे, हे विचारायचं हर्षदला धाडस झालं नाही.

हर्षदने ते काम केलं. बंदरावरच्या एकेका ऑफिसात बसून, मन लावून केलं. मजीदभाईंच्या जुन्या तांडेलाचा आवाज एका फायलीत होता. मागे वारा, इंजिन, आणि तो सांगतोय की बांगडा चांगला लागलाय, बर्फ संपत आलाय. ते ऐकून मजीदभाईंनी डोळे पुसले, कारण तो तांडेल गेल्या वर्षी वारला होता. मग त्यांनी नव्या प्रोग्रॅमवर सही केली. आणि बघणाऱ्यांनी पाहिलं की कातळमधून गिऱ्हाइकं बाहेर काढायला स्वतः हर्षदच बसलाय. ज्यांच्या मनात थोडीफार शंका होती तीही मिटली.

आंबा सुरू व्हायच्या बेताला कुवारबावच्या मजल्यावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली. स्वरूपला पुण्यात नोकरी मिळाली. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नम्रता एकटीच हर्षदच्या ऑफिसात आली. घराची किल्ली द्यायला आले म्हणाली. मागच्या परसातल्या झाडांना कोणीतरी पाणी घालायला हवं. किल्ली तिने टेबलावर ठेवली आणि समोर बसली. बराच वेळ दोघं झाडांबद्दलच बोलली. जायफळाला किती घालायचं, सुपारीला किती. हर्षदला ठाऊक होतं, ती झाडांबद्दल बोलत नाहीय.

“दादा, एक विचारू?” ती शेवटी म्हणाली. “खरं सांगशील?”

“विचार.”

“तुला आधीच माहीत होतं ना? आमचं चालणार नाही ते.”

“नाही गो.” तो खुर्चीत पुढे झाला. “शपथ घेऊन सांगतो. तुमचं उत्तम चाललं होतं. लोकांनी भलताच अर्थ काढला. स्वरूप म्हणाला नाव घेऊ नको, म्हणून मी ते वाक्य खोडलं, बस, एवढंच झालं. बाकी काही नव्हतं माझ्या मनात.”

ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर तेच आलं जे मजीदभाईंच्या आणि आत्मारामशेठच्या चेहऱ्यावर आलं होतं. समजूत. हा माणूस मला लागू नये म्हणून असं बोलतोय, ही समजूत. आपल्या सख्ख्या बहिणीलाही आपण खरं सांगू शकत नाही, हे पाहून हर्षदचा जीव इतका कासावीस झाला की त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडला असता तर त्याचाही अर्थ निघाला असता.

“तो झोपत नाही रे,” ती म्हणाली. “सारखा लॅपटॉप उघडून बसतो. सगळं वरपासून वाचतो. माझं कुठे चुकलं, कुठे चुकलं. मी म्हणते, काही चुकलं नाही. तर म्हणतो, मग लोक का गेले? काहीतरी चुकल्याशिवाय कोण जातं?” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “आता तिकडे जाऊनही हेच करेल तो. मला भीती वाटते.”

खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी घासाघीस करत होतं. हर्षद किल्लीकडे बघत राहिला. एका न लिहिलेल्या वाक्यामुळे तुझी कंपनी गेली, असं स्वरूपला सांगून काय होणार होतं? ते वाक्य लिहू नको म्हणणारा तोच. त्याने ते धरलं तर जन्मभर सोडलं नसतं. आणि कंपनी मुळातच तरणार नव्हती, सगळ्या जगातच तशी लाट आली होती, असं कळलं तर? मग कोणाचंच काही चुकलं नाही. मग तो कदाचित झोपेल.

“माहीत होतं,” हर्षद म्हणाला.

नम्रताने मान वर केली.

“तुमचं काही चुकलं नाही. स्वरूपला सांग, त्याने देव आणून बसवला असता तरी ते चाललं नसतं. असल्या छोट्या कंपन्या आता टिकतच नाहीत. मला वर्षभर आधीच दिसत होतं.” आवाज स्थिर ठेवायला त्याला फार कष्ट पडले. “तुझ्यासमोर कसं बोलणार? म्हणून बोललो नाही.”

आणि तिने विश्वास ठेवला. एका क्षणात ठेवला. इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं ज्यावर कोणी शंका घेतली नाही. तिचे खांदे खाली आले, तिने मोठा श्वास सोडला, आणि हर्षदला वाटलं, चला, निदान हे तरी झालं.

मग तिचे डोळे भरले.

“गिऱ्हाइकांना सांगितलंस,” ती म्हणाली. “मजीदभाईंना सांगितलंस. त्या आत्मारामशेठना सांगितलंस. मी वर्षभर त्या फोनवर बसून लोकांना चहा घ्या, चहा घ्या म्हणत होते, आणि तुला दिसत होतं. मी तुझं गिऱ्हाईक नव्हते, म्हणून मीच तेवढी राहिले.”

“नमू—”

“असू दे. त्याला सांगते मी. त्याला बरं वाटेल.” ती उठली. दारापाशी गेली, परत फिरली, आणि टेबलावरची किल्ली उचलून घेतली. “झाडांचं बघेल शेजारची कोणी. तू नको.”

जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत गेला. हर्षद उठला नाही. उठून, जिन्यात गाठून, ‘आत्ता बोललो ते खोटं होतं’ असं सांगता आलं असतं. तिला ते पटलं नसतं, आणि पटलं असतं तर स्वरूपची झोप पुन्हा गेली असती. दोन्हीकडून तोटाच होणार होता.

ती दोघं गेल्यानंतरच्या सोमवारी हर्षदने काही लिहिलं नाही. बातम्या होत्या. तो वाचूनही बसला होता. पण हात चालेना. पुन्हा कधीच लिहायचं नाही, असं त्याने ठरवलं, आणि ठरवल्यावर त्याला फार दिवसांनी थोडं शांत वाटलं. काही बोललंच नाही तर कोणाचं काही बिघडवता येणार नाही.

दुपारी फोन वाजला. आत्मारामशेठ.

“आज काही लिहिलं नाहीस,” ते म्हणाले.

“नाही.”

पलीकडे शेठ विचार करत होते. मग त्यांचा आवाज खाली आला, आपुलकीने, बंद दाराआड बोलावं तसा.

“समजलं,” ते म्हणाले. “आता कुणाचं रे?”

“कुणाचं नाही, शेठ.”

“होय होय,” शेठ म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.